किल्ले, लेणी आणि पाणी

भगिनींनो, मंडळाच्या सहलीचा वृत्तांत स्मरणिकेसाठी मी लिहावा असे कार्यकारिणीने ठरविले. परंतु गाडी किती वाजता सुटली, दशम्या कोणी आणल्या होत्या आणि परतताना कोणाची पिशवी कोठे राहिली हे आपणां सर्वांना ठाऊकच आहे. ते पुन्हा छापून शाई खर्च करण्यात अर्थ नाही. जे पाहिले त्याचा इतिहास लिहावा, आणि तोही आपल्या डोळ्यांना दिसला तसा, एवढाच माझा विचार आहे.

सहल ठरली तीच मुळी वादातून. निम्म्या जणींचे म्हणणे, ‘जायचे तर देवाला जाऊ, दगडधोंडे पाहून काय पुण्य लागणार?’ उरलेल्यांचे म्हणणे, ‘देव दरवर्षी होतोच, एकदा तरी अजिंठा-वेरूळ पाहू.’ शेवटी दोन्ही पक्षांचे समाधान होईल असा मार्ग आखला: वाशीम, लोणार, सिंदखेडराजा, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि पैठण. बरोबर माहिती सांगावयास तालुक्याचे एक निवृत्त गुरुजी घेतले. लेण्यांपाशी तेथले गाइड मिळणार होतेच.

गुरुजींची तयारी चांगली होती. राजा, शक, लढाई, हे सारे त्यांच्या जिभेवर. परंतु पहिल्याच दिवशी वाशीमला आमच्यातल्या सर्वांत वडील मावशींनी त्यांना मध्येच थांबवून विचारले, “गुरुजी, राजधानी होती म्हणता, तं एवढ्या लोकाइले पाणी कोठून येत असंन?” गाडीत हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. “बाई, प्रश्न खरा आहे,” असे म्हणून त्यांनी वहीचे पान उलटले. तेथून पुढे प्रत्येक ठिकाणी हा एकच प्रश्न आमच्याबरोबर प्रवास करीत राहिला. उन्हाळ्यात हंड्यामागे हंडा लावून उभे राहणाऱ्या बायकांना तो सुचावा यात नवल ते काय!

वाशीम आपल्याला बाजाराचे, कचेरीचे आणि बालाजीचे गाव म्हणून ठाऊक. १९९८ साली अकोल्यापासून वेगळे होऊन ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. परंतु सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी याच गावाचे नाव वत्सगुल्म होते, आणि वाकाटक राजांच्या एका शाखेची ती राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने ही शाखा सुरू केली. तो नुसता राजा नव्हता. प्राकृतात त्याने ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले होते. पुढे राजशेखर कवीने तर साहित्यविद्या नावाच्या वधूचा विवाह काव्यपुरुषाशी लावला तो याच वत्सगुल्मात! आपल्या गावाजवळ सरस्वतीच्या घरचे लग्न लागले होते, आणि आपल्याला त्याचे आमंत्रण आज पोहोचले, असे आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या.

१९३९ साली वाशीमला ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले ते गावाचे दान आहे. त्यातली वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. मोठेपणा सांगावयाचा तो संस्कृतात आणि खरे काम करावयाचे ते लोकांच्या बोलीत, ही रीत त्या काळीही होती म्हणावयाची.

पण मावशींच्या प्रश्नाचे उत्तर ताम्रपटात नव्हते. ते वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याच्या शिलालेखात निघाले. देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने तेथे तलाव बांधविला आणि त्याला ‘सुदर्शन’ असे नाव दिले. लेखात शक ३८० हे वर्ष आहे, म्हणजे इ. स. ४५८. वाकाटकांचे लेख बहुधा राजाच्या कारकीर्दीची वर्षे सांगतात. शकाचा स्पष्ट आकडा असल्यामुळे अभ्यासकांना या लेखाचे मोल फार. आम्हांला मात्र त्याचे मोल वेगळ्या कारणाने वाटले. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचाच प्रसिद्ध तलाव होता. मौर्यांच्या वेळी तो झाला, रुद्रदामनाने इ. स. १५० च्या सुमारास त्याचा फुटलेला बांध पुन्हा घातला, आणि पुढे तो पुन्हा फुटला तेव्हा स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने इ. स. ४५६ च्या सुमारास दुरुस्त करविला. म्हणजे तिकडे जुन्या सुदर्शनाची डागडुजी होत होती त्याच दोन-चार वर्षांत इकडे आपल्या मुलखात नवे सुदर्शन भरत होते. नाव ऐकून ठेवले असेल की योगायोग असेल, ते असो. ज्या राजवटीची आपण देवळे आणि चित्रे शोधतो, तिच्या अधिकाऱ्याला आपले नाव तलावावर राहावे असे वाटले, हे मला फार आवडले.

वाशीमचे पद्मतीर्थ पाहिले. बालाजीचे मंदिर आणि त्याचा देवतलाव हे मात्र पुष्कळ नंतरचे, इ. स. १७७९ च्या सुमारास भोसल्यांचे सरदार भवानी काळू यांनी मंदिर उभारले. देवापाशी तलाव हवाच, हा त्या लोकांचा हिशेब होता. यात्रेकरू येणार, तर आधी त्यांच्या अंघोळीची आणि पिण्याची व्यवस्था. आपण आज देवळाला सभामंडप आणि फरशी देतो. पाण्याचे टाके शेवटी आठवते.

लोणारला दोन पाणी आहेत आणि दोन्हींचे स्वभाव निराळे. उल्का पडून झालेले ते विवर पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद आहे. तळाचे पाणी खारे आणि क्षारयुक्त; पिता येत नाही. आईन-इ-अकबरीतही लोणारच्या क्षाराची नोंद आहे. साबण आणि काच करावयास तो उपयोगी पडे. २०२० च्या जून महिन्यात हे तळे गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना शंका काढल्या होत्या. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगामुळे तसे झाले, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखातून पडणारी धार गोड! खाली खार, वर गोड पाणी. मग तेथे क्षेत्र झाले नसते तरच आश्चर्य. लवणासुराला विष्णूने मारले ही कथा आणि दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ सर्वांनी पाहिले. कथा करणाराने त्या पाण्याची चव घेऊन पाहिली होती, एवढे नक्की.

सिंदखेडराजाला वेळ थोडा मिळाला. १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला तो राजवाडा, लखुजी जाधवरावांची समाधी, नीळकंठेश्वर, सर्व पाहिले. वाड्याच्या दारात सर्व जणींनी पायांतल्या चपला काढल्या. तसे कोणी सांगितले नव्हते. जाधवांच्या काळचा मोती तलाव आणि कोरीव मूर्तींची पुतळाबारव पाहून मावशी म्हणाल्या की लेक शहाणी निघायची तर माहेरी पाणी मुबलक पाहिजे. या म्हणण्याला इतिहासात आधार नाही, पण कोणी खोडूनही काढले नाही.

आता अजिंठा. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तेथे आम्हांला आपलेच गाव भेटले.

फर्दापूरच्या बाजूने आत गेले की वाघूर नदीने घातलेल्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेण्यांची रांग लागते. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली, ही हकीकत गाइडने मोठ्या रंगात सांगितली. पुढे १९८३ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. मग चित्रे: पद्मपाणी, विश्वंतर जातक, आणि सोळाव्या लेण्यातली ती खचलेली राजकन्या. तिला पूर्वी ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणत. ती नंदाची बायको सुंदरी असावी, असे आता मानतात. नवरा भिक्षू झाला, आणि त्याचा मुकुट परत आलेला पाहून ती कोसळली आहे. दासी तिला सावरीत आहेत. त्या चित्रापुढे आमच्या घोळक्यात कोणी बोलेना. घर सोडून जाणाऱ्याच्या वैराग्याची कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकली. मागे राहिलेलीचा चेहरा इतक्या मायेने कोणी रंगविलेला मी तरी प्रथमच पाहिला.

गाइडने सांगितले, ‘ही लेणी वाकाटकांच्या काळातील आहेत,’ आणि तो पुढे चालू लागला. तेव्हा गुरुजींनी त्याला थांबविले व आम्हांकडे वळून म्हणाले, “वाकाटक म्हणजे कोण, ते तुम्ही परवा पाहून आलात.” सोळावे लेणे ज्याने करविले तो वराहदेव हा हरिषेण राजाचा सचिव. हरिषेण म्हणजे सुदर्शन तलावाच्या वेळच्या देवसेनाचा मुलगा, आणि त्याची राजधानी वत्सगुल्म. म्हणजे जगभरातून लोक विमानाने जी चित्रे पाहावयास येतात, त्यांतल्या एका लेण्याचा खर्च आपल्या वाशीमच्या कारभाऱ्याने केला! रिठदहून निघालेल्या पस्तीस बायका तेथे परक्या म्हणून उभ्या होत्या, त्या एका वाक्यासरशी घरच्या झाल्या. एकीने तर लागलीच पदर सारखा केला, जणू सासरच्या वाड्यात पाऊल पडले.

वराहदेवाचा लेख ओसरीच्या बाहेर भिंतीवर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख वाचून, संपादून, मराठीतही त्यांचा इतिहास लिहिला. त्यांच्यासारख्यांच्या श्रमामुळेच आज ही अक्षरे आपल्याशी बोलतात. त्या लेखात राजांची स्तुती आहे, लेण्याच्या खिडक्या-दारांची आणि चित्रांची वर्णने आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने येथे पाण्याचे मोठे टाके आहे व नागराजाचे स्थान आहे, हेही अभिमानाने सांगितलेले आहे. खालून लेण्याकडे चढताना दोन दगडी हत्ती लागतात. गाइड ते दाखवितो. पायऱ्यांवर बसलेला नागराज तो ओझरताच दाखवितो. नाग हा पाण्याचा राखणदार. टाक्याच्या वाटेवर त्याला बसविला आहे, हे कळल्यावर मावशींनी त्याला हात जोडले.

शेजारच्या सतराव्या लेण्याचा लेख याहून हृद्य आहे. ते लेणे हरिषेणाच्या एका मांडलिक राजपुत्राने करविले. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला. त्या दुःखाने त्याने दानधर्माकडे मन वळविले. त्यानेही लेण्याबरोबर टाके खोदविले आणि त्यातले पाणी गोड, हलके, स्वच्छ, थंड आणि भरपूर आहे असे लेखात नोंदविले. हलके पाणी! पाण्याला ‘हलके’ आणि ‘जड’ म्हणणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. हलक्या पाण्यात डाळ लवकर शिजते हे प्रत्येकीला माहीत आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत श्लोकात आपल्या चुलीपुढचा शब्द सापडावा, याचा मला झालेला आनंद चित्रांच्या आनंदाहून कमी नव्हता. शे-दोनशे भिक्षू डोंगराच्या कुशीत वर्षानुवर्षे राहिले, ते नुसत्या चित्रांवर नव्हे.

वेरूळला कैलास पाहून माना दुखल्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या वेळी, आठव्या शतकात, हा एकसंध डोंगर वरून खाली कोरीत आणला. यामागे एका राणीची कथा जुन्या मराठी ग्रंथात आली आहे: राजा बरा व्हावा म्हणून माणिकावतीने नवस केला, की देवळाचा कळस पाहीन तेव्हाच अन्न घेईन. एवढे देऊळ बांधून कळस चढेपर्यंत राणी जगणार कशी? तेव्हा पैठणच्या कोकस शिल्प्याने युक्ती काढली आणि कळसापासूनच कामाला आरंभ केला. कथा कथाच आहे. पण उपास धरणारी बाई आणि तिचा उपास लवकर सुटावा म्हणून धडपडणारा कारागीर, ही जोडी मला खरी वाटते. अंगणाच्या उत्तरेस गंगा, यमुना आणि सरस्वती या तिघींचे वेगळे दालन आहे. घाईत ते राहून जाते, अवश्य पाहावे.

घृष्णेश्वराचे आजचे लाल दगडाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या वेळचे, आणि जवळचे पायऱ्यांचे शिवालय तीर्थही त्यांनीच बांधवून घेतले. १७५४ मध्ये कुंभेरीला पती गेले, १७६६ मध्ये सासरे, पुढच्या वर्षी एकुलता मुलगा. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य केले. काशी, गया, सोमनाथ येथे देवळे उभारली आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. आजवर ज्या दात्यांची नावे ऐकली ती सर्व पुरुषांची होती. येथे कुंडाच्या काठी गुरुजींनी अहिल्याबाईंचे नाव घेतले तेव्हा सर्व जणी आपण होऊन पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या.

दौलताबादला गाइडने यादवांचा देवगिरी, १२९६ ची अल्लाउद्दिनाची स्वारी, १३२७ चे तुघलकाचे राजधानीचे स्थलांतर, अंधारी वाट आणि मेंढा तोफ, सर्व क्रमाने सांगितले. त्याच्या सांगण्यात दोन गोष्टी आल्या नाहीत. पहिली गुरुजींनी सांगितली: १६२९ साली याच किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजी जाधवरावांचा मुलांसह घात झाला. सिंदखेडला ज्यांच्या समाधीपुढे आदल्याच दिवशी नमस्कार केला, ते येथे पडले. जिजाबाईंचे माहेर एका दिवसात ओस झाले.

दुसरी गोष्ट आमच्याच एका भगिनीने सांगितली. त्या दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीस जातात; मंडळात फारशा बोलत नाहीत. किल्ल्याच्या दारापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “बाबासाहेबही येथे सहलीलाच आले होते.”

ती हकीकत डॉ. आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात लिहून ठेविली आहे. साल १९३४. तीसएक सहकारी बरोबर, वेरूळची बौद्ध लेणी पाहावयाची म्हणून निघालेले, वाटेत दौलताबाद. प्रवासाने धुळीने माखलेली मंडळी. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला छोटा हौद होता. त्यातल्या पाण्याने काही जणांनी हातपाय व तोंड धुतले आणि सर्व जण आत जावयास निघाले. रमजानचे दिवस होते. एवढ्यात, अस्पृश्यांनी हौद बाटविला असा ओरडा झाला, माणसे जमली, शिवीगाळ सुरू झाली. तुमचा धर्म हेच शिकवितो काय, अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ देणार नाही काय, असे बाबासाहेबांनी विचारले. त्याला उत्तर कोणी दिले नाही. शेवटी आत सोडले ते एका अटीवर: किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावावयाचा नाही. आणि अट मोडू नये म्हणून बरोबर एक हत्यारी शिपाई दिला.

याच्या सात वर्षे आधी, १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. तेथे अडविणारे हिंदू होते, येथे मुसलमान. पाणी दोन्हीकडे तेच होते. बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो हेच दाखविण्यासाठी. पुढे त्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली त्यांनी महाविद्यालय काढले आणि त्याला मिलिंद राजाचे नाव दिले.

हकीकत संपली तेव्हा मावशींनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्या भगिनीपुढे धरली. त्यांनी घेतली, दोन घोट प्यायल्या आणि परत दिली. मग मावशीही त्याच बाटलीतून प्यायल्या. मावशींचे सोवळे आपल्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला कोणाला ओसरीवर आणि कोणाला माजघरात बसवितात, हेही ठाऊक आहे. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. यंदाच्या संक्रांतीला काय झाले ते ज्या गेल्या होत्या त्यांनी पाहिले.

त्या रात्री मुक्काम संभाजीनगरला. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या नावाने हे शहर वसविले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरांनी गावात आणले. पाणचक्की पाहिली, नळातून आलेल्या पाण्यावर जाते फिरते हे पाहून एकीने सुस्कारा टाकला की आपल्या आजीला कोणी हे सांगितले असते तर बरे झाले असते.

शेवटचे ठिकाण पैठण. सातवाहनांचे प्रतिष्ठान. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची नावे लावणारे ते राजे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा स्वतःचा दानलेख आहे. परंतु पैठणला गेल्यावर मन राजांपाशी थांबत नाही, नाथांपाशी जाते. रामेश्वरासाठी काशीहून आणलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात पोळणारे महाराचे मूल उचलून कडेवर घेतले. १५९९ साली त्यांनी देह ठेविला. आपण या गोष्टी लहानपणापासून ऐकतो, इतक्या की त्या ऐकू येत नाहीत. दौलताबादहून पैठणला गेल्यावर त्या नव्याने ऐकू आल्या.

गावाजवळच नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केले. पाणी मराठवाड्याला मिळाले. त्याखाली अनेक गावे गेली. त्या गावांच्या बायकांनी आपापल्या आडांचा शेवटचा घडा कोणत्या मनाने भरला असेल, ते कोठे कोरलेले नाही.

नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे त्यात पाणी भरले अशी श्रद्धा. नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक अजून तो भरतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. मावशींनी आत डोकावून पाहिले आणि गुरुजींना विचारले, “देवानं बारा वर्षं भरलं, हे खरं. पण गोदावरी ते वाडा, चढ किती हो?”

गुरुजींनी वहीत ते टिपून घेतले आहे. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी हिस्से बोराळा सुचविण्यात आला आहे. जाऊन-येऊन एक दिवस पुरेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे दिवाळीपूर्वी चिटणीसबाईंकडे द्यावीत, आणि पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणाव्यात.